एक आरोपी, दोन न्यायालये

फौजदारी कायदा गुन्ह्यांची वर्गवारी करतो. गुन्ह्याचा आरोप ज्याच्यावर आहे त्या माणसाचे मात्र त्याला तुकडे करता येत नाहीत. एखाद्या इसमावर खुनाच्या प्रयत्नाचा आरोप असेल, तर तो जिल्ह्याच्या ठिकाणी सत्र न्यायालयापुढे उभा राहतो. त्याच इसमाने कधी काळी शेजाऱ्यास मारहाण करून धमकावले असल्याचा दुसरा आरोप असेल, तर त्यासाठी त्याला तालुक्याच्या गावी न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हजर व्हावे लागते. कायद्याच्या नोंदवहीत ही दोन प्रकरणे आहेत. त्यांचे क्रमांक, तारखा व सरकारी वकीलही निराळे आहेत. परंतु ज्याला या दोन्ही दारांत ताटकळावे लागते तो माणूस एकच आहे. त्याची मजुरी, त्याचा तुरुंगवास आणि त्याच्या घरच्यांची ओढाताण हीदेखील एकच आहे. मोठ्या व लहान गुन्ह्यांचे आरोप एकाच न्यायालयाने हाताळावेत किंवा नाही, हा प्रश्न म्हणून केवळ वकिलांच्या खोलीत चर्चिला जावा इतका तांत्रिक नाही. वाशीमसारख्या जिल्ह्यात तर तो प्रत्यक्ष पोटापाण्याशी निगडित आहे.

अर्थशास्त्राच्या अध्यापकाने फौजदारी प्रक्रियेवर लिहावे हे काही वाचकांस अनुचित वाटण्याचा संभव आहे. परंतु मर्यादित साधनसामग्री अमर्याद गरजांमध्ये कशी वाटावी हाच आमच्या शास्त्राचा मूळ विषय, आणि न्यायालयाचा वेळ हे या देशातील अत्यंत दुर्मिळ साधन आहे. दर दहा लाख लोकसंख्येमागे न्यायाधीशांचे प्रमाण अवघे साडेदहा असल्याचे विधी आयोगाने १९८७ सालच्या आपल्या १२० व्या अहवालात दाखवून दिले होते व ते पन्नासावर न्यावे अशी शिफारस केली होती. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने तसा आदेशही दिला. आज हे प्रमाण एकवीस-बावीसच्या घरात रेंगाळत आहे, आणि देशातील जिल्हा व तालुका न्यायालयांत साडेचार कोटींच्या आसपास प्रकरणे तुंबलेली आहेत. न्यायाधीशांची संख्या वाढली पाहिजे हे उघडच आहे. परंतु जी संख्या आहे तिच्याकडून एकच काम दोनदा करून घेतले जात नाही ना, हेही पाहावयास नको काय?

प्रथम कायद्याची सद्यःस्थिती ध्यानात घेतली पाहिजे. आपल्याकडे फौजदारी न्यायदानाचे मुख्यतः दोन स्तर आहेत. प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना तीन वर्षांपर्यंत, मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांना सात वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा देता येते. त्याहून गंभीर गुन्हे सत्र न्यायालयाकडे जातात. सत्र न्यायालय मात्र कोणत्याही प्रकरणाची दखल सामान्यतः आपण होऊन घेऊ शकत नाही. दोषारोपपत्र दंडाधिकाऱ्यांपुढे यावे, त्यांनी ते सुपूर्द करावे आणि मगच सत्र न्यायाधीशांनी त्यात हात घालावा, अशी ही रचना आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने या सुपूर्दगीसाठी नव्वद दिवसांची, व कारणे नोंदवून एकशे ऐंशी दिवसांपर्यंत वाढविता येईल अशी मुदत घातली आहे. त्यामुळे जुन्या काळी सुपूर्दगीतच वर्ष उलटत असे त्याला काही आळा बसेल अशी आशा बाळगावयास हरकत नाही.

आता मूळ नियम पाहू. प्रत्येक स्वतंत्र गुन्ह्यासाठी स्वतंत्र दोषारोप आणि प्रत्येक दोषारोपाची स्वतंत्र चौकशी, हे तत्त्व १८९८ च्या संहितेत होते, १९७३ च्या संहितेत कलम २१८ म्हणून राहिले आणि नव्या संहितेत कलम २४१ म्हणून कायम आहे. त्याखाली दिलेले उदाहरणही बोलके आहे. एका प्रसंगी चोरी व दुसऱ्या प्रसंगी जबर दुखापत केल्याचा आरोप एकाच माणसावर असेल, तर दोहोंची चौकशी वेगवेगळी झाली पाहिजे. या नियमामागे शहाणपण आहे. एका गुन्ह्याच्या पुराव्याने दुसऱ्या गुन्ह्याबद्दलचे मत कलुषित होऊ नये, ‘याने ते केले म्हणजे हेही केलेच असेल’ असा तर्क न्यायासनावर बसू नये, हा तो हेतू आहे. या नियमाला जे अपवाद आहेत त्यांनाही कारणे आहेत. एकाच व्यवहाराचे धागे असलेले गुन्हे एकत्र चालतात. एका वर्षाच्या आत घडलेले एकाच प्रकारचे गुन्हे पूर्वी तीनपर्यंत एकत्र चालत, आता पाचपर्यंत चालतात.

यावरून आपल्यापुढील प्रश्नाचे तीन भाग पडतात, आणि त्यांची गल्लत होता कामा नये.

पहिल्या भागात अडचण फारशी नाही. एकाच घटनेत मोठा व लहान असे दोन्ही गुन्हे घडले, म्हणजे घरात घुसून मारहाण झाली, शिवीगाळ झाली आणि त्याच झटापटीत कोणी प्राणास मुकला, तर सर्व आरोप एकत्रच सत्र न्यायालयाकडे जातात. सत्र न्यायालयास लहान गुन्ह्यांची चौकशी करण्याचा अधिकार आहे, किंबहुना न्याय संहितेतील कोणताही गुन्हा चालविण्यास ते सक्षम आहे. अडचण येते ती पोलीस ठाण्यात. एकाच घटनेचे दोन निराळे गुन्हे नोंदविले गेले, एक दोषारोपपत्र आधी व दुसरे वर्षाने दाखल झाले, तर जे एकत्र चालावयास हवे ते दोन दारांत विखुरले जाते. हा दोष कायद्याचा नव्हे, कामकाजाचा आहे.

दुसरा भाग परस्परविरोधी खटल्यांचा. येथे मात्र आपल्या ग्रामीण जीवनाचा गाभाच समोर येतो. वाशीम जिल्ह्यातील कोणत्याही तालुक्यात, रिसोडला जा की मानोऱ्याला, फौजदारी भांडणाचे बीज पुष्कळदा शेतात सापडेल. धुरा कोणी कोरला, पाण्याचा पाट कोणी वळविला, गाडीवाट कोणी अडविली यावरून ऐन पेरणीच्या दिवसांत दोन घरे एकमेकांवर उठतात. कुऱ्हाडी-काठ्या निघतात, दोन्हीकडची माणसे जखमी होतात, दोन्हीकडून फिर्याद दिली जाते. एका बाजूच्या माणसाच्या डोक्याला घाव बसला म्हणून दुसऱ्या बाजूवर खुनाच्या प्रयत्नाचे कलम लागते व ते प्रकरण सत्र न्यायालयात जाते. दुसऱ्या बाजूचा हात मोडला म्हणून पहिल्या बाजूवर दुखापतीचे कलम लागते व ते प्रकरण तालुक्याच्या न्यायालयात राहते. घटना एक, शेत एक, वेळ एक. पण सत्य शोधण्याचे काम दोन निराळ्या न्यायाधीशांवर सोपविलेले. पहिला घाव कोणी घातला हा या दोन्ही खटल्यांतील निर्णायक प्रश्न. त्याचे एक न्यायालय एक उत्तर देईल आणि दुसरे न्यायालय नेमके उलटे उत्तर देईल, हा धोका काल्पनिक नाही.

या धोक्याची जाणीव न्यायसंस्थेस फार पूर्वीपासून आहे. मद्रास उच्च न्यायालयाने १९२९ सालीच असे खटले एकाच न्यायालयाने चालवावेत असे सुचविले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली नथीलाल प्रकरणात त्याची रीत घालून दिली. एकाच न्यायाधीशांनी दोन्ही खटल्यांचा पुरावा स्वतंत्रपणे नोंदवावा, दोन्हींतील युक्तिवाद ऐकावेत आणि एकापाठोपाठ एक निकाल द्यावेत. मात्र एका खटल्यातील पुरावा दुसऱ्यात वापरू नये. २००१ साली सुधीर विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या निकालात नेमका आपला प्रश्न उभा राहिला. दोन खटल्यांपैकी एक सत्र न्यायालयाचा व दुसरा दंडाधिकाऱ्यांचा असेल तर काय करावे? दुसरा खटला दंडाधिकाऱ्यांकडे परत पाठविण्याची मुभा सत्र न्यायाधीशांना आहे, सक्ती नाही. परस्परविरोधी खटल्यांत तो परत न पाठविता स्वतःच चालवावा, असे न्यायालयाने सांगितले. लहान खटला दंडाधिकाऱ्यांनी आपण होऊन सत्र न्यायालयाकडे सुपूर्द करावा, यासाठीही संहितेत कलम आहेच.

हे सर्व असूनही २०२३ साली नवी संहिता लिहिताना हा नियम कायद्याच्या अक्षरात उतरविण्याची संधी संसदेने दवडली. परिणामी आजही लहान खटला मोठ्या खटल्याच्या सोबतीला नेण्यासाठी कोणीतरी अर्ज करावा लागतो. ज्याचा वकील सावध, त्याचा अर्ज होतो. ज्याला वकीलच परवडत नाही, त्याचा खटला तालुक्यात एकटा चालतो. तालुक्यात सहायक सरकारी अभियोक्ता एक बाजू मांडतो, जिल्ह्यात सरकारी वकील दुसरी मांडतो, आणि शासनाच्या या दोन मुखांची एकमेकांशी गाठ पडतेच असे नाही. एकाच भांडणात शासनाने एकीकडे ज्याला पीडित म्हणावे त्यालाच दुसरीकडे आरोपी म्हणावे, हे अटळ असेल. पण निदान ते एकाच कानापुढे म्हटले जावे एवढी अपेक्षा वाजवी आहे.

तिसरा भाग सर्वांत कठीण, आणि या लेखाचा खरा विषय तोच आहे. एका इसमावर सत्र न्यायालयात एक गंभीर खटला चालू आहे, आणि त्याच्याशी काडीचाही संबंध नसलेली दोन-तीन किरकोळ प्रकरणे, म्हणजे जुगार, दारूबंदी कायद्याखालील गुन्हा किंवा साधी मारहाण, तालुक्याच्या न्यायालयात पडून आहेत. हे गुन्हे एका व्यवहाराचे नाहीत. एका प्रकारचेही नाहीत. म्हणून ते कायद्याने निराळेच चालणार. परंतु त्यांच्या निराळे राहण्याची किंमत काय, आणि ती कोण मोजतो?

ही किंमत समजण्यासाठी एक साधा हिशेब मांडून पाहू. समजा, दोन खटले आहेत व प्रत्येकात दहा साक्षीदार आहेत. एकाच पोलीस ठाण्यातील प्रकरणे असल्याने तपास अधिकारी, दवाखान्यातील डॉक्टर, पंच व गावकरी मिळून सात जण दोन्हीकडे समान आहेत. साक्षीदाराची साक्ष पहिल्याच तारखेस होते असे आपल्याकडे क्वचितच घडते, म्हणून प्रत्येकाला तीनदा यावे लागते असे धरू. दोन निराळ्या न्यायालयांत मिळून साठ हेलपाटे होतात. दोन्ही खटले एकाच न्यायालयात, एकाच तारखांना असतील तर माणसे तेराच, आणि हेलपाटे एकोणचाळीस. एकवीस दिवसांची बचत केवळ साक्षीदारांची झाली. त्यात आरोपीच्या तारखा, त्याला तुरुंगातून आणणाऱ्या पोलिसांचे दिवस आणि दोन वकिलांची फी मिळविली नाही. ही संख्या मानलेली आहे हे खरे. परंतु ज्याने कोर्टाच्या आवारात कडुनिंबाखाली बसलेली माणसे पाहिली आहेत त्याला तिची जातकुळी ओळखीची वाटेल. सोयाबीनच्या सोंगणीच्या आठवड्यात गेलेला एक दिवस हा नुसता एक दिवस नसतो. पाऊस आला तर त्या दिवसापायी वर्षाचे पीक जाते. साक्षीदाराला मिळणाऱ्या भत्त्यात या नुकसानीचा हिशेब कोठेच नसतो.

परंतु पैशाहून मोठी किंमत स्वातंत्र्याची आहे. देशातील तुरुंगांत असलेल्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश बंदी हे शिक्षा झालेले नसून चौकशी चालू असलेले आहेत. बिहारच्या तुरुंगांत कमाल शिक्षेहूनही अधिक काळ खितपत पडलेल्या बंद्यांचा प्रश्न १९७९ साली हुसैनारा खातून प्रकरणाने देशापुढे आणला, त्याला आता चार दशके उलटून गेली. नव्या संहितेच्या कलम ४७९ ने कमाल शिक्षेच्या निम्मा काळ, आणि पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या आरोपीच्या बाबतीत एक-तृतीयांश काळ, कच्च्या कैदेत काढल्यास जामिनाची वाट मोकळी केली. जन्मठेपेस वा मृत्युदंडास पात्र असलेले गुन्हे यातून वगळलेले आहेत. पण त्याच कलमात पुढे म्हटले आहे की, एकाहून अधिक गुन्ह्यांचा वा अनेक प्रकरणांचा तपास अथवा चौकशी प्रलंबित असेल, तर या सवलतीवर सुटका होणार नाही. याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. तालुक्यातील एखादे किरकोळ प्रकरण, जे कोणी चालवीत नाही, ज्याची तारीख वर्षातून तीनदा नुसती पुढे सरकते, ते आता जिल्ह्यातील खटल्यात अडकलेल्या माणसाच्या पायातील बेडी ठरू शकते. पूर्वी ते प्रकरण केवळ उपद्रव होते. आता ते कैद लांबविणारे कारण झाले आहे.

कारावासाचा काळ वजा करून मिळण्याच्या बाबतीतही असाच गुंता होता. चौकशीच्या काळात भोगलेली कैद शिक्षेतून वजा होते, पण ‘त्याच प्रकरणातील’ कैद वजा होते. मग दोन प्रकरणांत एकाच वेळी कैदेत असलेल्या माणसाचे काय? महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयास २००१ साली बहुमताने निर्णय द्यावा लागला की, अशी कैद दोन्ही प्रकरणांत वजा धरावी. परंतु ज्या प्रकरणात त्याला रीतसर अटकच दाखविली गेली नाही तेथे हा लाभ कसा मिळणार? जिल्ह्याच्या तुरुंगात असलेला माणूस तालुक्याच्या न्यायालयाच्या लेखी ‘गैरहजर’ असतो, त्याच्या नावे वॉरंट निघते, आणि ते तामील होत नाही म्हणून प्रकरण पडून राहते, हा प्रकार एका हाताला दुसऱ्या हाताचा पत्ता नसल्यामुळेच संभवतो.

एवढ्यावरून ‘सर्व काही एकाच न्यायालयाकडे द्या’ असा घाईचा निष्कर्ष काढावयाचा काय? नाही. या सूचनेवरील आक्षेप खरोखरच गंभीर आहेत, आणि त्यांना बगल देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

पहिला आक्षेप पूर्वग्रहाचा. ज्यूरीची पद्धत आपण केव्हाच सोडली. निकाल देणारे न्यायाधीश प्रशिक्षित असतात हे मान्य. तरीही तेदेखील माणूसच आहेत. चार प्रकरणांचा गठ्ठा एकाच नावाचा समोर आला म्हणजे ते नावच पुरावा होऊन बसते. या धोक्याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच राज्यात व देशात घडले आहे. १९८७ च्या टाडा कायद्याने विशेष न्यायालयास इतर कायद्यांखालील गुन्हेही त्याच खटल्यात चालविण्याचा अधिकार दिला होता. मुंबईतील १९९३ च्या बॉम्बस्फोट खटल्यात अभिनेते संजय दत्त यांची टाडाखालील आरोपांतून मुक्तता झाली, परंतु त्याच न्यायालयाने त्यांना शस्त्रास्त्र कायद्याखाली दोषी ठरविले. २००७ साली सहा वर्षांची शिक्षा झाली व २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ती पाच वर्षांवर आणली. हा एकत्रीकरणाचा सरळ उपयोग झाला. मोठा आरोप टिकला नाही म्हणून लहान आरोपासाठी पुन्हा पहिल्यापासून खटला चालवावा लागला नाही. परंतु याच व्यवस्थेची दुसरी बाजूही आहे. टाडाखाली पोलीस अधिकाऱ्यापुढील कबुलीजबाब पुरावा म्हणून ग्राह्य होता. सामान्य कायद्यात तो नाही. राजीव गांधी हत्या खटल्यात १९९९ साली टाडाचे आरोप कोसळले, तरी त्या कायद्याखाली घेतलेले कबुलीजबाब इतर आरोपांसाठी वापरता येतात असे ठरले, आणि २००५ साली घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केले. म्हणजे मोठ्या आरोपाबरोबर त्याचे कठोर नियमही लहान आरोपाच्या अंगाला चिकटले, आणि मोठा आरोप गेल्यावरही ते चिकटूनच राहिले. एकत्रीकरणाचा पुरस्कार करणाऱ्याने हे विसरता कामा नये.

दुसरा आक्षेप अंतराचा व अपिलाचा. १९०५ साली वऱ्हाडच्या पुनर्रचनेत बाशीम जिल्हा मोडला गेला, आणि पुढे जवळजवळ शतकभर येथील माणसाला जिल्ह्याच्या कामासाठी अकोला गाठावे लागले. १ जुलै १९९८ रोजी वाशीम पुन्हा स्वतंत्र जिल्हा झाला त्याचे मोल येथील लोकांना कोणी समजावून सांगावयास नको. न्यायालय जवळ असणे हाही न्यायाचाच भाग आहे. आता तालुक्यात चालणारे प्रकरण उचलून जिल्ह्याला नेले, तर आरोपीची सोय होईल. पण मानोऱ्याकडील एखाद्या खेड्यातील ज्या बाईने शिवीगाळीची फिर्याद दिली तिची गैरसोय होईल. कायद्याने ज्याला ‘किरकोळ’ म्हटले ते तिच्या लेखी किरकोळ नसते. मोठ्या खटल्याच्या सावलीत तिची फिर्याद झाकोळून जाणे हाही अन्यायच होय. शिवाय दंडाधिकाऱ्यांच्या निकालावर सत्र न्यायालयात अपील करता येते. सत्र न्यायालयानेच निकाल दिला तर अपिलासाठी नागपूरच्या खंडपीठाची पायरी चढावी लागते. लहान गुन्ह्याचे अपील असे महाग होते.

तिसरा आक्षेप असा की, नुसते न्यायालय एक असल्याने न्याय होतोच असे नाही. उत्तर प्रदेशातील एका वीजचोरीच्या आरोपीवर एकाच न्यायालयात नऊ निरनिराळे खटले झाले. प्रत्येकात दोन वर्षांची शिक्षा मिळाली, आणि त्या एकत्र भोगाव्यात असे कोणी म्हटले नाही म्हणून त्यांची बेरीज अठरा वर्षे झाली. वीजचोरीसाठी अठरा वर्षे! डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप केला तेव्हा तो सुटला. येथे न्यायाधीश एकच होते, पण त्या नऊ प्रकरणांकडे एकत्रितपणे पाहण्याची दृष्टी कोठेच नव्हती. हे उदाहरण एकत्रीकरणाच्या विरोधात नव्हे, तर ते अर्धवट करण्याच्या विरोधात बोलते.

परदेशांनी या प्रश्नाची उत्तरे आपापल्या परीने शोधली आहेत. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात लहान गुन्ह्यांसाठी नगर न्यायालये व मोठ्या गुन्ह्यांसाठी वरिष्ठ न्यायालये अशी विभागणी होती. १९९८ साली मतदारांनी घटनादुरुस्ती स्वीकारून ती न्यायालये एक करण्याची मुभा दिली आणि २००१ पर्यंत तेथील सर्व ५८ परगण्यांनी ती स्वीकारली. इंग्लंडने अधिक सावध मार्ग धरला. १९८८ च्या कायद्याने साधी मारहाण, दुसऱ्याचे वाहन विनापरवाना नेणे अशा मोजक्याच लहान गुन्ह्यांना मोठ्या आरोपपत्रात जागा दिली, तीही त्यांचा मोठ्या आरोपाशी संबंध असेल तरच. आपल्या परिस्थितीला इंग्लंडची सावधगिरी अधिक मानवेल असे वाटते. दोन्ही स्तर मोडून एक करावेत अशी आपली न्यायव्यवस्था सक्षम नाही व तशी गरजही नाही.

मग करावे काय? यासाठी नवा कायदा लागणार नाही. आहे त्याच कायद्यातील एक शब्द बदलला तरी बराच मार्ग सरेल. वर सांगितलेल्या कलम २४१ ला एक परंतुक आहे. आरोपीने लेखी अर्ज करून तशी इच्छा दर्शविली आणि त्याच्या बचावास बाध येणार नाही असे वाटले, तर निरनिराळे दोषारोप एकत्र चालविता येतात. परंतु हा अधिकार परंतुकाने ‘दंडाधिकाऱ्यांना’ दिला आहे. सत्र न्यायालयाचा तेथे उल्लेख नाही. गंमत अशी की, निरनिराळ्या आरोपींना त्यांच्या अर्जावरून एकत्र चालविण्यासंबंधीच्या दुसऱ्या कलमात अगदी हीच उणीव होती. २००५ च्या दुरुस्तीने तेथे ‘सत्र न्यायालय’ हे शब्द घालण्यात आले व नव्या संहितेत ते कायम आहेत. म्हणजे अनेक आरोपींची प्रकरणे त्यांच्या इच्छेने सत्र न्यायालय एकत्र चालवू शकते, पण एकाच आरोपीची प्रकरणे त्याने हात जोडून मागितले तरी त्या परंतुकाखाली चालवू शकत नाही. या विसंगतीचे समर्थन कोणत्या तत्त्वावर करता येईल हे समजणे कठीण आहे.

म्हणून पहिली सूचना अशी की, कलम २४१ च्या परंतुकात सत्र न्यायालयाचा समावेश करावा, आणि दंडाधिकाऱ्यांकडील प्रकरण अशा अर्जावरून सत्र न्यायालयाकडे सुपूर्द करण्याची सोय करावी. येथे ‘आरोपीच्या अर्जावरून’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. पूर्वग्रहाचा धोका ज्याला आहे त्यानेच तो पत्करावयाचा किंवा नाकारावयाचा. सरकार पक्षास ही वाट मोकळी असू नये. फिर्यादीचे म्हणणे ऐकल्यावाचून असा अर्ज मंजूर होऊ नये, आणि एका आरोपासाठी असलेले पुराव्याचे कठोर नियम दुसऱ्या आरोपास लागू होणार नाहीत हे स्पष्ट लिहावे. गरीब आरोपीला असा अर्ज करता येतो हे सांगण्याचे काम जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलांनी केले पाहिजे. अन्यथा हीदेखील पैसेवाल्यांचीच सवलत होऊन बसेल.

दुसरी सूचना, परस्परविरोधी खटल्यांसंबंधीचा १९९० व २००१ चा नियम कायद्यात लिहावा आणि तो अर्जावर अवलंबून ठेवू नये. पोलिसांनी दोषारोपपत्र देतानाच विरुद्ध बाजूच्या प्रकरणाचा क्रमांक त्यावर नोंदवावा व दंडाधिकाऱ्यांनी दोन्ही प्रकरणे बरोबरच सुपूर्द करावीत.

तिसरी सूचना कायद्याची नसून कामकाजाची आहे, आणि तिच्यासाठी संसदेची वाट पाहण्याचे कारण नाही. न्यायालयांच्या नोंदी आता संगणकावर आहेत. एखादा आरोपी सत्र न्यायालयापुढे येईल तेव्हा त्याच्यावरील जिल्ह्यातील सर्व प्रलंबित प्रकरणांची यादी कार्यालयाने आरोपीच्या वकिलास व सरकारी वकिलास द्यावी, आणि सर्व तारखा शक्यतो एकाच आठवड्यात आणाव्यात. ही यादी निकाल देणाऱ्या न्यायाधीशांपुढे दोषसिद्धीपूर्वी ठेवू नये. ती केवळ तारखांसाठी आहे. नव्या संहितेने दूरदृश्य माध्यमातून साक्ष नोंदविण्यास वाव दिला आहे. तालुक्याच्या न्यायालयात बसून जिल्ह्याच्या न्यायालयापुढे साक्ष देण्याची सोय खरोखरच चालू राहिली, तर मानोऱ्याच्या त्या फिर्यादी बाईला वाशीमची वाट धरावी लागणार नाही.

चौथी सूचना कलम ४७९ विषयी. आरोपीच्या दोषामुळे नव्हे, तर न्यायालयाच्या वा पोलिसांच्या दिरंगाईमुळे पडून राहिलेले किरकोळ प्रकरण जामिनाच्या आड येऊ नये, एवढी दुरुस्ती त्यात अवश्य झाली पाहिजे. केवळ एकत्रीकरणाने ही अडचण दूर होणार नाही, कारण त्या कलमात ‘एकाहून अधिक गुन्हे’ असेही शब्द आहेत. परंतु किरकोळ प्रकरण लवकर निकालात निघाले तर अडसर उरणार नाही, आणि ते लवकर निकालात निघावे यासाठीच वरील सूचना आहेत.

सत्र न्यायाधीशांवरील भार याने वाढेल, असे कोणी म्हणेल. काही अंशी ते खरे आहे. पण भार वाढणे आणि भार एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जाणे यांत फरक आहे. आज जो भार न्यायालयाच्या हिशेबात दिसत नाही तो साक्षीदाराच्या बुडालेल्या मजुरीत, कैद्याच्या वाढलेल्या महिन्यांत आणि दोन वकिलांसाठी विकलेल्या जनावरात दिसतो. अर्थशास्त्रात याला समाजाने सोसलेला खर्च म्हणतात. तो कोणत्याही खात्याच्या अंदाजपत्रकात नसल्याने त्याची काटकसर करण्याची कोणाला घाई नसते.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. ही म्हण न्यायाधीशांविषयीच्या अविश्वासातून जन्मली नसावी. ती पायऱ्यांच्या संख्येविषयी असावी. ज्याच्यावर आरोप आहे तो दोषी असेल तर त्याला शिक्षा व्हावी, निर्दोष असेल तर त्याची सुटका व्हावी. परंतु एका माणसाच्या दोषादोषाचा निर्णय करण्यासाठी साऱ्या गावाने दोन न्यायालयांच्या पायऱ्या झिजवाव्यात याला न्यायाची पूर्वअट म्हणता येणार नाही. संसदेस हा प्रश्न लहान वाटत असेल, तर उच्च न्यायालयाने व जिल्हा न्यायालयांनी आपल्या हातात आहे तेवढे तरी येत्या वर्षात करून पाहावे.